मुंबईचा चषक, बंगळूरचा संघ

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी ‘म्हैसूर आणि महाराष्ट्र’ या विषयावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा आम्हांस प्रथम आठवले ते शहाजीराजांचे बंगळूर. परंतु त्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्ही निवडलेला विषय फुटबॉलचा आहे. काही ज्येष्ठ सभासद नाक मुरडतील, त्यांची आधीच क्षमा मागतो.

निमित्त घडले ते येथे कुवेंपुनगरातच. संध्याकाळी फिरावयास गेलो असता मैदानावर खेळणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना आम्ही सहज विचारले की, मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला हिंदी नागरी संघ कोणता? एकाने मोहन बागान म्हटले, दुसऱ्याने मोहमेडन स्पोर्टिंग. बंगळूरचे नाव कोणीच घेतले नाही. मुलांना काय दोष द्यावा? नोकरीनिमित्त मुंबईस असताना कूपरेजवर रोव्हर्सचे सामने आम्ही हौसेने पाहिले, पण ही गोष्ट तेव्हा आम्हांसही ठाऊक नव्हती.

रोव्हर्स स्पर्धा सुरू झाली १८९१ साली. पहिला चषक वूस्टरशायर पलटणीने नेला आणि पुढे तो गोऱ्या पलटणींतच फिरत राहिला. कलकत्त्यास मोहन बागानने १९११ साली ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली होती. तोच संघ १९२३ साली मुंबईस अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, परंतु डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढे त्याचे काही चालले नाही.

हे कोडे सुटले ते बंगळूरकरांकडून. त्याचे मूळ मात्र आपल्या शेजारी श्रीरंगपट्टणास आहे! टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांनी तेथे ठेवलेली फौज हिवतापाने बेजार झाली, म्हणून १८०९ साली छावणी बंगळूरास हलविण्यात आली. छावणीबरोबर कवायतीची मैदाने आली, आणि मागाहून मैदानांवर चेंडूही आला. सोजिरांचा खेळ पाहत वस्तीतील पोरे तयार झाली. साहेबाचा खेळ साहेबावरच उलटला तो असा.

१९३७ साली ‘बंगलोर मुस्लिम्स’ हा संघ अंतिम सामन्यात उतरला. समोर होता कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग, १९३४ पासून तेथील लीग ओळीने जिंकणारा. बंगळूरकरांनी १-० असा विजय मिळविला. संघाचे नाव आज कानाला खटकेल, परंतु तो काळच तसा होता; त्याच वर्षी मुंबईची चौरंगी क्रिकेट स्पर्धा पंचरंगी झाली, आणि तेथेही संघ जातिधर्मांवरच बेतलेले होते.

आमच्या मते खरा पराक्रम पुढल्या हंगामाचा. १९३७ मध्ये अंतिम सामना दोन हिंदी संघांतच होता. कोणीही जिंकले असते तरी इतिहास घडणारच होता. १९३८ साली मात्र समोर आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स ही गोरी पलटण उभी होती. तिला नमवून चषक बंगळूरासच राहिला. पहिला विजय नशिबाचा म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर ते कोणते?

यात मराठी ते काय, असे मंडळातील एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले. चषक मुंबईचा होता, मैदान मुंबईचे होते, एवढे आम्हांस पुरे आहे. येथे वर्षानुवर्षे राहूनही आपण ‘आमची मुंबई’ म्हणतो आणि म्हैसूरला ‘यांचे म्हैसूर’. ही सवय आमचीही आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९४६-४७ मध्ये म्हैसूरने बंगालला हरवून संतोष चषक प्रथम जिंकला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल केला तो बंगळूरच्या सारंगपाणी रामन यांनी. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा हातचा गेला, ही हळहळ आजही आहे. रोव्हर्स स्पर्धा मात्र २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली.

त्या मुलांना आम्ही हे सारे सांगितले. ती मंडळी मुंबईस गेली कशी, असे एकाने विचारले. हुबळी, बेळगाव, मिरज करीत पुण्यास जाणारी मीटरगेज गाडी आणि तेथून पुढे मुंबईची ब्रॉडगेज, असा तेव्हा एक मार्ग होता, तो आम्ही सांगू लागलो. मिरजेपर्यंत आलो असू, इतक्यात कोणीतरी चेंडू उडविला आणि सारी पोरे त्यामागे धावली.