चौथी नळी
आमचे अब्बा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय त्यांनी कधी घड्याळ उघडलं नाही. माझ्या वरच्या दाढेचं रूट कॅनाल मात्र नुसत्या डोळ्यांनी झालं, आणि ठणका वर्षभर राहिला. त्या दाढेत पुष्कळदा चौथी, केसासारखी बारीक नळी दडलेली असते.

कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक 1921 साली स्वीडनमध्ये कार्ल निलेन यांनी आणला. दातांसाठी ‘डेंटिस्कोप’ बाजारात यायला 1981 उजाडलं! तोही बोजड, फारसा खपला नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत गॅरी कार यांनी ताठ बसून वापरता येईल अशी मांडणी सुचवली, तेव्हा कुठे तो रुळू लागला.

माझी चौथी नळी दुसऱ्या डॉक्टरांना त्यातूनच दिसली. अब्बा असते, तर त्यांनी आधी स्वतः डोळा लावून पाहिलं असतं.