मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने आणि स्वामित्वहक्काची मुदत : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ ही स्वामित्वहक्क अर्थात कॉपीराइट नाकारणारी चळवळ होय, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. या चळवळीच्या परवान्यांचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही.

परवान्याचा उदय :
अमेरिकेत १९८० च्या आणि भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा स्वामित्वहक्क कायद्यात स्पष्ट समावेश झाला. आज्ञावलीची मूळ संहिता गुप्त ठेवण्याची व्यापारी प्रथाही याच सुमारास रूढ होत होती. तिला विरोध म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना सिद्ध झाला. आज्ञावली वापरावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली आज्ञावली इतरांना देताना मूळ संहितेसह व त्याच अटींवर द्यावी, हे त्याचे सार होय. १९९२ मध्ये लिनक्सने हाच परवाना स्वीकारला.

न्यायालयीन मान्यता :
अट मोडणाऱ्याचा वितरणाचा अधिकार संपतो आणि त्याची कृती स्वामित्वहक्काचा भंग ठरते, हेच या परवान्याचे बळ आहे. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याच्या अटी ग्राह्य मानल्या. २००८ मध्ये अमेरिकेतील फेडरल सर्किट न्यायालयाने 'आर्टिस्टिक लायसन्स' या दुसऱ्या मुक्त परवान्याबाबत असाच निर्णय दिला.

मुदतीचा प्रश्न :
परवाना स्वामित्वहक्कावर उभा असल्याने त्याचे आयुष्यही त्या हक्काच्या मुदतीइतकेच असते. स्वीडनमधील पायरेट पार्टीने ही मुदत पाच वर्षांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा दीर्घ मुदतीचे टीकाकार असलेल्या स्टॉलमन यांनीच २००९ मध्ये त्यातील धोका दाखविला. पाच वर्षांनंतर मुक्त आज्ञावलीची संहिता कोणतीही कंपनी आपल्या बंदिस्त उत्पादनात वापरू शकेल. कंपनीची संहिता मात्र मुदत संपूनही गुप्तच राहील. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी आपली संहिता त्रयस्थाकडे अनामत ठेवावी आणि मुदतीअंती ती खुली व्हावी, असे त्यांनी सुचविले.

समारोप :
मुक्त परवान्यांनी स्वामित्वहक्क मोडला नाही. मक्तेदारीसाठी वापरले जाणारे साधन त्यांनी सामायिक ज्ञानाच्या रक्षणास लावले. म्हणूनच मुदत घटविणे म्हणजे आपोआप ज्ञान मुक्त करणे नव्हे. ज्या कृतीचे मूळ रूप लपविता येते, तिच्याबाबत मुदतीइतकेच महत्त्व संहिता उघड करण्याच्या सक्तीला आहे.