थुंब्याचं चर्च आणि औंढ्याचा माळ

२०२३ मध्ये केंद्र सरकारनं मंजुरी दिल्यापासून औंढा नागनाथजवळच्या लायगो वेधशाळेची चर्चा बचत गटाच्या बैठकीतही होते. "शास्त्रज्ञांच्या कामात आपलं काय?" असं बऱ्याच जणी विचारतात. म्हणून आज साठ वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगते.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा हे कोळ्यांचं गाव. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त या भागातून जातं. त्यामुळे तिथे साधारण शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा मोठा प्रवाह वाहतो. ध्रुवाकडच्या देशांत रात्री आकाशात रंगीत उजेड नाचतो, तोही शंभर किलोमीटर आणि त्याच्या वरच्या थरांत. हे थर तपासणं अवघड. फुगे तिथवर पोचत नाहीत, उपग्रह त्याहून वर फिरतात. तिथे कामाला येतं छोटं रॉकेट. वर जायचं, मोजमाप करायचं आणि काही मिनिटांत समुद्रात पडायचं.

ही जागा निवडताना डॉ. विक्रम साराभाईंसोबत आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. पण तिथे लोकांची घरं होती, सेंट मेरी मॅग्डलीन चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांनाच विचारलं, असं अब्दुल कलाम सांगत. लोक 'हो' म्हणाले. मग चर्चमध्येच काम सुरू झालं, रॉकेटचे भाग सायकलवरून नेले. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी अमेरिकेकडून मिळालेलं रॉकेट उडालं. त्यानं वर सोडियमची वाफ सोडली. मावळलेल्या सूर्याच्या उजेडात ती नारिंगी चमकली. ती कशी सरकते, यावरून वरच्या वाऱ्याचा वेग काढता येतो.

पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सुमारे २४०० खेड्यांत शेती-आरोग्याचे टीव्ही कार्यक्रम पोचले. ते कामही चिटणीसांनीच सांभाळलं. म्हणजे आकाशाचं ज्ञान शेवटी गावाच्या ओट्यावर आलं.

शास्त्रज्ञांची नावं आपण ऐकतो. पण ज्या बायांनी आपली चूल उचलून दुसरीकडे मांडली, त्यांची नावं सहसा कुणी घेत नाही. चर्चमध्ये आज अवकाश संग्रहालय आहे. ते त्यांच्या 'हो'वर उभं आहे.

थुंब्यात आधी लोकांना विचारलं, मग काम झालं. आपल्याकडेही पुढच्या ग्रामसभेला जा. वेधशाळेत काय होणार, आपल्या लेकींना तिथे शिकायला, कामाला वाव आहे का, हे उभं राहून विचारा.