दाबाखालचं लोखंड

मागच्या भागात मी बिनधास्त म्हणालो, लोखंड कधीच सुपरकंडक्टर होत नाही. चुकलो.

१९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ऑनेस यांना ४.२ केल्विनला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला दिसला. लोखंड मात्र चुंबकीय. ते चुंबकत्व सुपरकंडक्टिव्हिटीला लागणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमू देत नाही.

२००१ मध्ये जपानच्या कात्सुया शिमिझु आणि सहकाऱ्यांनी लोखंड दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबलं. वातावरणाच्या सव्वा लाख पट दाबापलीकडे स्फटिकातली अणूंची मांडणी बदलते, नेहमीचं चुंबकत्व जातं. दीड लाख पटींच्या पुढे, २ केल्विनखाली, तेच लोखंड सुपरकंडक्टर झालं!

'कधीच' म्हणताना मी दाब हिशेबात धरलाच नव्हता.