वय वाढलं की अमेरिकेतले शिकारी बंदूक ठेवून क्रॉसबो का घेतात?

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जवळपास सणच. त्या दिवशी बंदुकीने हरणांची शिकार करायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. नारिंगी जॅकेट घातलेली माणसं पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात. त्यात कॉलेजची पोरं असतात आणि पन्नास वर्षं हा हंगाम न चुकवलेले आजोबाही असतात.

पण यातल्या बऱ्याच आजोबांच्या हातात आता बंदुकीऐवजी क्रॉसबो दिसतो. सोशल मीडियावर असे व्हिडीओ आले की खाली दोन कमेंट ठरलेल्या. एक म्हणजे ‘ही तर बिनआवाजाची बंदूक’ आणि दुसरी म्हणजे ‘म्हाताऱ्यांचं खेळणं’. दोन्ही चूक आहेत. कशा, ते बघू.

क्रॉसबो म्हणजे नेमकं काय?

बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, अशी कल्पना करा. दोरी मागे ओढली की ती एका खटक्यात अडकून बसते. मग पुढच्या खोबणीत बाण ठेवायचा, दस्ता खांद्याला लावायचा, दुर्बिणीतून नेम धरायचा आणि चाप ओढायचा. यातल्या आखूड बाणाला बोल्ट म्हणतात. हरणासाठी त्याच्या टोकाला धारदार पाती असलेलं फाळ लावतात.

साध्या धनुष्यात दोरी हाताने ओढावी लागते आणि हरीण नेमात येईपर्यंत ताणून धरावी लागते. हल्लीच्या कंपाऊंड बोमध्ये चाकांमुळे ताणून धरायचा भार कमी होतो, पण ओढताना पूर्ण जोर लागतोच. क्रॉसबो एकदा चढवला की ताण यंत्र सांभाळतं आणि माणूस फक्त वाट बघतो. म्हातारपणी हा फरक फार मोठा ठरतो.

मग बंदुकीत अडचण काय?

पहिली अडचण खांद्याची. हरणासाठीची रायफल झाडली की दस्ता मागे जोरात धक्का देतो. तरुणपणी त्याचं काही वाटत नाही, पण सांधेदुखी असेल किंवा खांद्याचं ऑपरेशन झालं असेल तर प्रत्येक गोळी जाणवते. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो आणि नेम चुकतो. क्रॉसबोचा धक्का त्या मानाने किरकोळ असतो.

दुसरी अडचण कानाची. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कानाला संरक्षण नसेल तर एवढा आवाज एकदा ऐकूनही कायमची इजा होऊ शकते. आयुष्यभर शिकार केलेल्या अनेकांना आधीच कमी ऐकू येत असतं.

तिसरं कारण कॅलेंडरचं, आणि बरेच जण तेच आधी सांगतात. बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा, तोही नोव्हेंबरच्या थंडीत. धनुष्य आणि क्रॉसबोचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. म्हणजे सत्तरीतल्या माणसाला गुडघा बरा असेल तो दिवस आणि उबदार हवा निवडता येते. नऊ दिवसांत सगळं उरकायची घाई उरत नाही.

कायद्यातही वयाची अट होती

अमेरिकेत शिकारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. बऱ्याच राज्यांत क्रॉसबो आधी फक्त अपंग आणि वयस्कर शिकाऱ्यांसाठी खुला होता. विस्कॉन्सिनमध्ये २०१४ मध्ये सर्वांसाठी क्रॉसबोचा स्वतंत्र हंगाम सुरू झाला. त्याआधी तिथे ६५ वर्षं पूर्ण झालेली असावी लागत किंवा अपंगत्वाचा परवाना लागत असे. शेजारच्या मिनेसोटात ही अट ६० वर्षांची होती. तिथे २०२३ च्या हंगामापासून तो सगळ्यांना वापरता येऊ लागला. ओरेगनमध्ये मात्र क्रॉसबोने शिकार करायला बंदी आहे.

सूट सर्वांना मिळाल्यावर वादही झाला. हाताने धनुष्य ओढणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांचं म्हणणं असं, की आम्ही वर्षानुवर्षं सराव करून जे कमावलं ते हे लोक चाप ओढून मिळवतात. विस्कॉन्सिनमध्ये आता साध्या धनुष्यापेक्षा क्रॉसबोने जास्त हरणं मारली जातात. त्यामुळे हा वाद लवकर मिटेल असं दिसत नाही.

‘बिनआवाजाची बंदूक’ का नाही?

इथे थोडं गणित करू.

हरणासाठीच्या रायफलची गोळी सेकंदाला साधारण २,५०० ते ३,००० फूट वेगाने जाते. हा वेग आवाजापेक्षा जास्त असल्याने हरणाला बार ऐकू येण्याआधीच गोळी लागलेली असते. क्रॉसबोचा बोल्ट सेकंदाला ४०० फूट गेला तरी वेगवान मानतात. आवाज जातो सेकंदाला सुमारे १,१०० फूट.

समजा हरीण ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर उभं आहे. दोरी सुटल्याचा ‘टक्’ आवाज त्याच्यापर्यंत ०.११ सेकंदात पोहोचतो. बोल्टला ०.३ सेकंद लागतात. मधल्या ०.१९ सेकंदात सावध असलेलं हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबू शकतं. हृदय आणि फुफ्फुसांवर धरलेला बोल्ट मग पाठीच्या वरच्या भागात लागतो. हरीण जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तडफडत राहतं.

२० यार्डांवर हाच फरक ०.१ सेकंदाच्या आत येतो. म्हणूनच अनुभवी शिकारी साधारण ३० ते ४० यार्डांच्या पुढे बोल्ट सोडायचं टाळतात. जाहिरातीत १०० यार्डांवरच्या निशाणाला भोक पडलेलं दाखवतात, पण निशाण हलत नाही.

अंतराचा अंदाज चुकला तरी घोटाळा होतो. बोल्टचा वेग कमी असल्याने तो लवकर खाली येतो. नेम ४० यार्डांचा धरला आणि हरीण ५० यार्डांवर निघालं, तर बोल्ट काही इंच खाली लागतो. नेम धरायची जागा असते जेमतेम आठ-दहा इंचांची. त्यामुळे अंतर मोजणारं रेंजफाइंडर सोबत लागतंच.

जनावर मरण्याची रीतही वेगळी असते. रायफलच्या गोळीने आतल्या अवयवांना जबर धक्का बसतो. बोल्टचं फाळ कापत जातं आणि हरीण रक्तस्रावाने मरतं. नीट लागलं तरी ते काही अंतर पळतं. मागे लगेच धावलं तर ते आणखी लांब जातं. म्हणून निदान अर्धा तास थांबून मग रक्ताचा माग काढतात. दिवस मावळताना सोडलेला बोल्ट याच कारणाने महागात पडतो, कारण पुढचा शोध अंधारात, उंचसखल जमिनीवर घ्यावा लागतो. सत्तरीत त्यालाही पाय लागतात आणि डोळे लागतात.

वयस्कर माणसासाठी खरा धोका कुठे?

• दोरी चढवताना: हरणासाठीच्या क्रॉसबोचा ताण १५० ते २०० पौंड, म्हणजे साधारण ७० ते ९० किलो असतो. नुसत्या हाताने तो चढवणं म्हणजे कंबरेला आमंत्रण. कप्पीसारखी चालणारी कॉकिंग रोप वापरली की जोर निम्मा लागतो. हँडल फिरवून दोरी ओढणारी क्रँक असेल तर खांदा दुखत असला तरी जमतं. विकत घेताना वेगापेक्षा ही सोय आधी बघायला हवी.

• अंगठा: दोरी खोबणीवरून प्रचंड वेगाने पुढे जाते. पुढे धरलेल्या हाताचा अंगठा किंवा बोट खोबणीच्या वर आलं तर तुटू शकतं. बंदूक धरायची पन्नास वर्षांची सवय इथे घात करते.

• रिकामा बार: बोल्ट न लावता चाप ओढला तर सगळी ताकद धनुष्याच्या पात्यांवर येते आणि ती फुटू शकतात. चढवलेला क्रॉसबो सहसा हाताने उतरवत नाहीत. दिवस संपला की जमिनीत किंवा निशाणात एक जुना बोल्ट सोडून तो मोकळा करतात.

• मचाण: झाडावर बांधलेल्या मचाणावरून पडून अमेरिकेत दरवर्षी शिकारी जखमी होतात, काही दगावतात. तीन-साडेतीन किलोचा रुंद क्रॉसबो पाठीवर घेऊन शिडी चढणं चुकीचं आहे. कमरेचा-खांद्याचा सुरक्षा पट्टा बांधून वर जायचं आणि क्रॉसबो दोरीने मागून वर ओढायचा. तोल सांभाळणं कठीण जात असेल तर जमिनीवर कापडी लपण उभारून खुर्चीत बसणं चांगलं.

• हरीण ओढून नेणं: ५०-६० किलोचं धूड थंडीत ओढताना हृदयावर ताण येतो. हत्यार बदललं तरी हे काम हलकं होत नाही, म्हणून सोबत कोणीतरी हवं.

क्रॉसबोला लायसन्स लागत नाही का?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात क्रॉसबो ‘फायरआर्म’ ठरत नाही. पण शिकारीचं लायसन्स, हरणासाठीचा टॅग आणि हंगामाचे नियम लागूच असतात. बंदुकीचा हंगाम चालू असताना क्रॉसबोवाल्यालाही भडक रंगाचे कपडे घालावे लागतात, कारण आसपास गोळ्या सुटत असतात. ब्रिटनमध्ये तर वन्यप्राण्यांवर धनुष्य किंवा क्रॉसबो चालवायला १९८१ च्या कायद्याने बंदीच आहे.

आणि भारतात? चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बंदूक असो, क्रॉसबो असो की फासा, फरक पडत नाही. या कायद्यात शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो. त्यामुळे रील बघून तसं काही करायचा विचारही नको.

थोडक्यात सांगायचं तर

क्रॉसबो म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या खांद्यावरचा आणि कानावरचा भार कमी करतो आणि त्याला नऊ दिवसांऐवजी काही महिने देतो. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. रायफलने १५० यार्डांवरून टिपणाऱ्याला आता ३० यार्डांपर्यंत थांबायला आणि नको तेव्हा चाप न ओढायला शिकावं लागतं. पन्नास वर्षांचा अनुभव असला तरी सप्टेंबरच्या आधी नवशिक्यासारखा सराव करावाच लागतो. तो न करणाऱ्याच्या चुकीची शिक्षा हरणाला भोगावी लागते.