जुन्या रिव्हॉल्व्हरचे मोल : चकाकी नव्हे, अस्सलपणा

१४ जुलै १८८१ च्या रात्री अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये फोर्ट समनर येथे शेरीफ पॅट गॅरेट याने ‘बिली द किड’ या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला गोळी घालून ठार केले. ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमधून ती गोळी सुटली, ते २७ ऑगस्ट २०२१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बोनहॅम्स या संस्थेच्या लिलावात ६० लाख ३० हजार डॉलरना विकले गेले. लिलावापूर्वीचा अंदाज २० ते ३० लाख डॉलरचा होता. त्याच काळात, त्याच कारखान्यात तयार झालेले, पण इतिहास अज्ञात असलेले आणि नंतर कोणी तरी नवा मुलामा चढवलेले रिव्हॉल्व्हर काही हजार डॉलरमध्येही मिळू शकते. पोलाद तेच, कारागिरी तीच. मग किमतीत एवढी तफावत का? जुन्या शस्त्रांच्या संग्रहाचे सारे शास्त्र या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावले आहे.

‘पीसमेकर’च्या तीन पिढ्या

संग्राहकांच्या जगात सर्वाधिक अभ्यासले गेलेले रिव्हॉल्व्हर म्हणजे कोल्ट कंपनीचे ‘सिंगल अॅक्शन आर्मी’. ‘पीसमेकर’ हे त्याचे लोकप्रिय नाव. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये स्वीकारले. सहा गोळ्यांचे फिरते सिलिंडर आणि प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागणारा घोडा, ही त्याची रचना. घोडदळासाठी साडेसात इंची नळी ठरलेली होती. नागरी ग्राहकांसाठी साडेपाच आणि पावणेपाच इंची नळ्याही निघाल्या.

या रिव्हॉल्व्हरच्या उत्पादनाच्या तीन पिढ्या मानल्या जातात. पहिली १८७३ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंतची. या काळात साडेतीन लाखांहून अधिक नग तयार झाले. दुसरी पिढी १९५६ ते १९७४ ची, तर तिसरी १९७६ नंतरची. संग्रहाच्या दृष्टीने पहिल्या पिढीला सर्वाधिक मान आहे. दुसऱ्या पिढीच्या अनुक्रमांकाच्या शेवटी ‘एसए’ ही अक्षरे असतात, पहिल्या पिढीच्या अनुक्रमांकात ती नसतात. केवळ ‘जुने कोल्ट’ एवढ्या वर्णनावर व्यवहार करणाऱ्याची पहिली फसगत येथेच होते.

अनुक्रमांक काय सांगतो?

पहिल्या पिढीच्या रिव्हॉल्व्हरवर अनुक्रमांक तीन ठिकाणी कोरलेला असतो : मुख्य सांगाड्यावर, चापाभोवतीच्या कडीवर आणि मुठीच्या मागील पट्टीवर. अगदी सुरुवातीच्या नगांवर तो सिलिंडर व नळीवरही आढळतो. हे सर्व क्रमांक जुळणे ही अस्सलपणाची पहिली कसोटी होय. क्रमांकावरून निर्मितीचे वर्ष समजते आणि त्या वर्षाशी बाकीचे तपशील सुसंगत आहेत की नाहीत, हे ताडून पाहता येते.

उदाहरणार्थ, सिलिंडरचा मधला दांडा सुरुवातीच्या नगांमध्ये समोरून बसवलेल्या स्क्रूने पक्का केलेला असे. १८९० च्या दशकात त्याजागी आडवी, स्प्रिंगवर चालणारी कळ आली. १८७८ चा क्रमांक असलेल्या रिव्हॉल्व्हरवर अशी कळ दिसली, तर काही तरी बदलले गेले आहे, हे निश्चित समजावे.

अमेरिकेत या वर्षाला कायदेशीर महत्त्वही आहे. १८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी तयार झालेले शस्त्र तेथील संघराज्याच्या कायद्यानुसार ‘पुरातन’ ठरते आणि आधुनिक शस्त्रांच्या विक्रीचे बरेचसे निर्बंध त्याला लागू होत नाहीत. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत.

चकाकीचा सापळा

नवख्या खरेदीदाराचा सर्वात मोठा गैरसमज म्हणजे, जितके चकचकीत तितके मौल्यवान. प्रत्यक्षात स्थिती याच्या उलट आहे. कारखान्यातून निघताना या रिव्हॉल्व्हरच्या नळीला निळसर काळा मुलामा असे आणि सांगाड्यावर उष्णता-प्रक्रियेतून आलेल्या निळ्या, करड्या, तपकिरी रंगछटा असत. काही नगांना निकेलचा मुलामा दिलेला असे. शंभर-सव्वाशे वर्षांत हा मुलामा झिजतो, फिकट होतो. तरीही जो मूळचा शिल्लक आहे, त्याचीच किंमत होते. पुन्हा पॉलिश करून नवा मुलामा चढवलेल्या नगाचे मूल्य साधारणतः निम्म्यावर येते, दुर्मीळ नगांच्या बाबतीत घसरण त्याहून मोठी असू शकते.

पुन्हा पॉलिश केल्याच्या खुणा लपत नाहीत. सांगाड्याच्या धारदार कडा गोलसर होतात. नळीवरची अक्षरे उथळ व पुसट दिसतात. स्क्रूच्या छिद्रांभोवतीची जागा बशीसारखी खोलगट होते. गंजामुळे पडलेल्या बारीक खड्ड्यांच्या आत नवा मुलामा दिसला, तर शंकेला जागाच उरत नाही. घरातील जुने शस्त्र विकण्यापूर्वी ते घासूनपुसून ‘नवे’ करणारी मंडळी त्यामुळे आपल्याच हाताने त्याची किंमत घालवतात.

सैनिकी ठसे आणि बनावट माल

लष्करासाठी घेतलेल्या सुमारे ३७ हजार रिव्हॉल्व्हरना वेगळी मागणी आहे. त्यांच्या सांगाड्यावर ‘यू. एस.’ हा ठसा आणि लाकडी मुठीवर लष्करी तपासनिसाच्या आद्याक्षरांचा शिक्का असतो. तपासनीस ऑरव्हिल एन्सवर्थ यांच्या शिक्क्याचे सुरुवातीचे नग विशेष मोलाचे मानले जातात. कारण जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत जनरल कस्टर यांच्यासह धारातीर्थी पडलेल्या सातव्या घोडदळाकडे याच काळातील रिव्हॉल्व्हर होती.

जेथे मोल, तेथे नक्कल. नागरी नगावर खोटा ‘यू. एस.’ ठसा मारणे, मुठीवर नवा शिक्का उमटवणे, कापलेल्या नळीला तुकडा जोडून ती पुन्हा साडेसात इंची करणे हे प्रकार अनेक दशके चालत आले आहेत. रॉन ग्रॅहम, जॉन कोपेक आणि केनेथ मूर यांनी १९७६ मध्ये या रिव्हॉल्व्हरवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही पडताळणीचा आधार मानला जातो.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा लागतो. १८९० च्या दशकाच्या मध्यापासून लष्कराने घोडदळाची हजारो रिव्हॉल्व्हर परत मागवून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांपर्यंत आखूड केल्या. या कामात निरनिराळ्या नगांचे भाग एकमेकांत मिसळले. ‘आर्टिलरी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात क्रमांक न जुळणे हेच स्वाभाविक आहे. थोडक्यात, कसोटी लावण्यापूर्वी ती कोणत्या नगाला लावायची, हे माहीत असावे लागते.

कागदांची साखळी

कोल्ट कंपनीच्या दप्तरातून शुल्क भरून जुन्या नोंदीचे पत्र मिळवता येते. संबंधित क्रमांकाचे रिव्हॉल्व्हर कोणत्या दिवशी, कोणाकडे रवाना झाले, त्याची नळी किती लांब होती, मुलामा कोणता होता, हे त्यात नमूद असते. मात्र हे पत्र कारखान्यातून निघालेल्या वस्तूविषयी बोलते. समोर ठेवलेली वस्तू आजही तशीच आहे, याची हमी ते देत नाही. पत्रातील तपशील आणि हातातील वस्तू यांचा मेळ बसवणे हे खरेदीदाराचेच काम.

एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीशी नाते सांगितले जात असेल, तर कागदांचे महत्त्व आणखी वाढते. गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरच्या मालकीवरून त्याच्या पत्नीला १९३० च्या दशकात न्यायालयात जावे लागले होते. त्या वादाची नोंदच पुढे अस्सलपणाचा पुरावा ठरली. ‘आजोबांकडून ऐकले आहे’ या कथेला मात्र बाजारात मोल नाही. कथा नव्हे, वस्तू विकत घ्यावी, असे जाणकार बजावतात ते याचसाठी.

इतिहासाचे हे वजन युरोपातही दिसते. कवी पॉल व्हर्लेन याने १८७३ मध्ये ब्रसेल्स येथे ज्या रिव्हॉल्व्हरने कवी आर्थर रँबो याला जखमी केले, ते नोव्हेंबर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ४ लाख ३४ हजार ५०० युरोंना गेले. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने स्वतःवर गोळी झाडली ती बहुधा याच शस्त्रातून, असे मानले गेलेले एक गंजलेले रिव्हॉल्व्हर जून २०१९ मध्ये १ लाख ६२ हजार ५०० युरोंना विकले गेले. ते शेतात सापडले होते आणि पुरावा ‘बहुधा’ इतकाच होता.

भाव कसा ठरवावा?

अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशनची स्थितिदर्शक श्रेणी प्रमाण मानली जाते. पुरातन आणि आधुनिक शस्त्रांसाठी तिच्या स्वतंत्र पायऱ्या आहेत. एकाची श्रेणी दुसऱ्याला लावू नये. नॉर्म फ्लेडरमन यांची पुरातन अमेरिकी शस्त्रांची मार्गदर्शिका प्रकार ओळखण्यास उपयोगी पडते. दरासाठी मात्र अलीकडच्या लिलावांत प्रत्यक्ष मिळालेल्या किमती पाहाव्यात. विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. लिलावात बोलीवर खरेदीदाराकडून वेगळा अधिभार घेतला जातो, तोही हिशेबात धरावा. वस्तू बनावट निघाल्यास परत घेण्याची अट लेखी असावी.

भारतातील कायदा

अनेक भारतीय घरांत ब्रिटिश काळातील वेब्ली किंवा अन्य रिव्हॉल्व्हर वारशाने आलेली असतात. येथे ‘जुने आहे म्हणून परवाना नको’ हा समज धोकादायक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सवलत जुन्या घडणीच्या किंवा पुरातन शस्त्रालाही ते दुरुस्त करूनसुद्धा वापरता येत नसेल तरच मिळते. .३८० आणि .४५५ ची सैनिकी काडतुसे उडवू शकणारी रिव्हॉल्व्हर तर प्रतिबंधित गटात मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात. परदेशातून शस्त्र आणण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनी शस्त्र कपाटात तसेच न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे आणि पुढील परवानगीसाठी पोलीस आयुक्त अथवा जिल्हा दंडाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा.

जतन

जुने रिव्हॉल्व्हर हाती घेताच ते रिकामे असल्याची खात्री करावी. काळ्या दारूच्या काळातील शस्त्रातून आधुनिक काडतूस उडवणे जिवावर बेतू शकते. घोडा उगाच ओढून सोडू नये. चामड्याच्या म्यानात ते कायमचे ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. सुती हातमोजे, तेलाचा हलका हात आणि कोरडी जागा एवढे पुरेसे आहे. घासण्याचा मोह आवरला, तर काळाने चढवलेली झळाळी टिकते आणि तिचेच मोल जाणकार देतात.