उलाळ गाडी आणि मागची स्प्रिंग



बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणपतीमुळे पुष्कळांस ठाऊक आहे. बालाघाटाच्या डोंगराळ मुलखातले हे गाव. डांबरी सडक सोडून शेताकडे वळले की खडक, मुरूम आणि चाकोऱ्या यांचेच राज्य. अशा वाटेवर गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याजवळ एक मोलाचा शब्द आहे : 'उलाळ'. आसाच्या मागे ओझे अधिक झाले, की गाडीचे मागचे अंग बसते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळतो. गाडी उलाळ झाली असे आपण म्हणतो. आज आम्हांला मोटारसायकलीच्या मागच्या स्प्रिंगचा इतिहास सांगावयाचा आहे. तो सांगताना हा शब्द आम्ही हाताशी ठेवणार आहोत, कारण भारी वजनाचा स्वार बसल्यावर त्या यंत्राचे जे होते, ते याहून फारसे निराळे नव्हे.

आपल्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. लाकडी चाकावर लोखंडी धाव, आणि धावेचा प्रत्येक हिसका थेट बसणाराच्या मणक्यात. धुरकऱ्याच्या हाती उपाय एकच होता : ओझे पुढेमागे सरकवणे. टांग्याला पोलादी पाटे आले, तेव्हा हिसका सोसण्याचे काम प्रथमच माणसाच्या हाडांकडून धातूकडे गेले. त्या धातूचा स्वभाव इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केला होता : जेवढा भार, तेवढा ताण, भार दुप्पट तर ताणही दुप्पट. पुढची सारी हकीकत या एका नियमावर उभी आहे.

आरंभीच्या मोटारसायकलींत मागचे चाक सांगाड्याला पक्के जखडलेले असे, आणि बैठकीखालच्या दोन स्प्रिंगा एवढाच स्वाराचा आधार. अमेरिकेतील 'इंडियन' कंपनीने १९१३ साली मागच्या चाकाला पाट्यांचा झुलता आधार दिला. पण ती चाल रूढ झाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र वारे फिरले. १९४९ च्या रॉयल एनफील्ड बुलेटला मागे झुलता दांडा आणि तेलाचे दोन शॉक अॅब्सॉर्बर होते. आपल्या सैन्याने सरहद्दीसाठी हीच गाडी पसंत केली, आणि १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडियाची स्थापना झाली. १९६१ पासून म्हैसुरात जावा तयार होऊ लागली. पुढे १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, आणि मराठवाड्याच्या माणसाला दुचाकी ही परमुलखाची वस्तू राहिली नाही.

उंचसखल रानातून गाडी पळवणाऱ्यांची गरज याहून मोठी होती. बेल्जियमच्या ल्युसियाँ टिल्केन्स यांनी दोन शॉकऐवजी बैठकीखाली एकच लांब शॉक बसविण्याची युक्ती काढली. ती यामाहाने घेतली, आणि १९७३ साली स्वीडनच्या हाकन अँडरसनने त्याच गाडीवर २५० सी.सी. मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळविले. २०१६ ची हिमालयन किंवा २०१९ ची हीरो एक्सपल्स २०० या आपल्याकडच्या गाड्या त्याच घराण्यातल्या. एक्सपल्सच्या मागच्या चाकाला १७० मिलिमीटर वरखाली होण्यास वाव आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कारखानदार स्प्रिंग निवडतो ती कोणत्या तरी मध्यम वजनाच्या माणसासाठी. आमचे वजन त्याने केलेले नसते. याची कबुलीही त्याने यंत्रातच देऊन ठेवली आहे : स्प्रिंगच्या टोकाशी असलेले फिरते कडे. ते फिरविले की स्प्रिंग आधीच थोडी दाबून राहते. पुष्कळांचा समज असा, की त्यामुळे स्प्रिंग कडक होते. तसे होत नाही. हुकचा नियम कड्याने बदलत नाही. बदलते ती फक्त बैठकीची उंची.

हिशेब साधा आहे. चाक अधांतरी उचलून आस आणि वरचा एखादा खिळा यांतील उभे अंतर मोजावे. मग गाडी जमिनीवर टेकवून मोजावे, आणि शेवटी स्वार नेहमीच्या कपड्यांबुटांनिशी बसवून मोजावे. १७० मिलिमीटरच्या गाडीत रिकामी असता सुमारे १७ आणि स्वारासह सुमारे ५१ मिलिमीटर बसणे, म्हणजे एक दशांश आणि तीन दशांश, हे रानातल्या गाडीला ठीक. समजा, ६० किलोच्या स्वाराला हे माप जुळले. त्याच गाडीवर ९३ किलोचा स्वार बसला तर ती सुमारे ७० बसेल. मागचे अंग खाली, पुढचे चाक हलके, वळणावर गाडी बाहेर ओढणारी, आणि खड्ड्यात तळाला धडक. हीच ती उलाळ गाडी!

कडे आवळून ७० चे ५१ केले, तर उंची सावरते. पण आता स्वाराला उतरवून पाहावे : रिकामी गाडी मुळीच बसत नाही, चाक पूर्ण लोंबलेल्या स्थितीतच राहते. ही खूण ओळखावी. ती सांगते, की स्प्रिंगच या माणसासाठी नरम आहे. अधिक कडक स्प्रिंग घातल्यावाचून गत्यंतर नाही. आणि कडक स्प्रिंग अधिक जोराने उसळते, म्हणून तेलाची परतीची रोधशक्तीही वाढवावी लागते. नाहीतर दगडावरून उतरताच बैठक स्वाराला वर फेकते. वळशांमध्ये रबराचे तुकडे कोंबण्याचा उपाय अनेक ठिकाणी दिसतो. त्याने काही वळसे जखडतात, चाकाचा प्रवास घटतो आणि उरलेल्या वळशांवर जादा भार पडतो.

हा प्रश्न केवळ हौशी स्वारांचा आहे, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे तसे नाही. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली. तरी ६० किलोच्या शेतकऱ्यामागे ती बांधली, की गाडीवर १०५ किलो झाले, आणि गोणी आसाच्या जवळ असल्याने मागच्या स्प्रिंगवर तिचा भार स्वाराहूनही अधिक जाचतो. शिवारातला माणूस रोज भारी स्वारच असतो. म्हणूनच बजाजने आपल्या प्लॅटिनासारख्या साध्या गाड्यांना स्प्रिंगच्या आत दुसरी स्प्रिंग दिली, हे आम्हांस योग्य वाटते.

जुना धुरकरी ओझे पाहून गाडी लावीत असे. गाडीला साजेल असा माणूस तो शोधीत बसत नसे. नव्या यंत्रापुढे आपण मात्र उलटे वागतो. कंबर दुखली की रस्त्याला बोल लावतो, नाहीतर स्वतःच्या अंगाला. ते कडे कारखान्यातून आले तसेच गंजून बसते. एक पाना, एक मोजपट्टी आणि मदतीला दोन माणसे, एवढ्यात होणारे हे काम आहे. ओझे माणसाने वाहावे की लोखंडाने, या प्रश्नाचे उत्तर टांग्याच्या पाट्यांनीच देऊन ठेवले होते. ते आपल्या मणक्यापर्यंत पोचवायचे काम आपले आहे.